सिकलसेलचा रुग्ण आणि शिरेतील नळी : जंतुसंसर्गाचा धोका व प्रतिबंध

महाराष्ट्राच्या पूर्वेस गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा व नागपूर हे जिल्हे, पश्चिम विदर्भात मेळघाट व यवतमाळचा काही भाग आणि वायव्येस नंदुरबार, धुळे व नाशिक जिल्ह्यांतील डोंगराळ मुलूख, एवढ्या विस्तृत पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. मूल वारंवार आजारी पडते, हातपाय दुखतात, डोळे पिवळे दिसतात, वयाच्या मानाने अंग भरत नाही, ही लक्षणे या भागात घरोघर परिचित होती. परंतु त्यांमागे एकच कारण आहे याची जाणीव फार उशिरा झाली. आता परिस्थिती पालटत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. आश्रमशाळा, अंगणवाड्या व उपकेंद्रे येथून बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन तपासण्या होत आहेत.

तपासणीत रुग्ण सापडला म्हणजे तो पुढेमागे रुग्णालयात येणार हे उघड आहे. तेथे त्याच्या हातास प्रथम जी वस्तू लागते ती सलाईनची सुई. या आजाराचा प्रसार, तपासणी व विवाहपूर्व समुपदेशन यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. पण रुग्णाच्या शिरेत घातलेल्या या नळीतून त्याच्या जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो, ही गोष्ट गावपातळीवरच काय, पण पुष्कळदा रुग्णालयाच्या कक्षातही दुर्लक्षित राहते.

रोगाचे स्वरूप

१९१० मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्यास सिकल म्हणतात. त्यावरून रोगास हे नाव पडले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष पेशींतील हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलले गेले आहे, एवढाच काय तो फरक. परंतु या एका फरकामुळे प्राणवायू कमी होताच पेशी ताठरते, वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी पडते आणि जेथे प्रवाह अडतो तेथे असह्य वेदना होतात. या वेदनेच्या झटक्यास डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात, आणि हा शब्द आता रुग्णांच्या घरीही रूढ झाला आहे.

आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगीच असते. पुढील विवेचन वाहकांविषयी नसून प्रत्यक्ष रुग्णांविषयी आहे, हे ध्यानात ठेवावे.

गेलेला पहारेकरी

बरगड्यांखाली डाव्या बाजूस प्लीहा नावाचा अवयव असतो. ग्रामीण भागात त्यास पाणथरी असेही म्हणतात. रक्त गाळून त्यातील जंतू, विशेषतः ज्यांच्यावर गुळगुळीत कवच असते असे जंतू, पकडून नष्ट करणे हे प्लीहेचे एक महत्त्वाचे काम होय. सिकलसेलच्या रुग्णात विळ्यासारख्या पेशी प्रथम येथेच अडकतात. वारंवार रक्तपुरवठा तुटून प्लीहा हळूहळू निकामी होते, आणि पुष्कळ मुलांमध्ये हे बालवयातच घडते. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण काहीसे अधिक टिकून राहते. त्यामुळे येथील काही रुग्णांची प्लीहा अधिक वर्षे टिकते, कित्येकदा ती मोठी होऊन हातासही लागते. पण हातास लागणारी प्लीहा काम करीत असतेच असे नाही. दरवाजावर पहारेकरी बसलेला दिसावा आणि तो निद्रिस्त असावा, तसा हा प्रकार आहे.

हा पहारा गेल्याने काय होते, याचा पुरावा १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळाला. सिकलसेल असलेल्या २१५ लहान मुलांपैकी काहींना रोज दोनदा पेनिसिलिन तोंडावाटे देण्यात आले व इतरांना औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी. पेनिसिलिन घेणाऱ्या मुलांमध्ये गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. हा लाभ इतका स्पष्ट होता, की अभ्यास नियोजित वेळेच्या आठ महिने आधीच थांबविण्यात आला. तेव्हापासून लहान वयात पेनिसिलिन देणे हा उपचाराचा आधार बनला. न्युमोनियाच्या जंतूविरुद्धची लसही भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून ती देशभर दिली जाते.

येथेच एक गैरसमज होण्याचा संभव आहे. पेनिसिलिन चालू आहे, लस झाली आहे, तेव्हा मूल सुरक्षित आहे असे पालकांस आणि कित्येकदा कर्मचाऱ्यांसही वाटते. परंतु ही दोन्ही साधने मुख्यतः एका जातीच्या जंतूविरुद्ध आहेत. शिरेतील नळीवाटे शिरणारे जंतू निराळे असतात. रुग्णाच्या व परिचारिकेच्या त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकस वर्गातील जंतू, रुग्णालयातील ओलसर जागी वाढणारे दंडाकार जंतू आणि दीर्घ उपचारानंतर बुरशी, यांपैकी पुष्कळांवर साध्या पेनिसिलिनचा काहीही परिणाम होत नाही. एक दरवाजा आपण बंद केला आहे. नळी हा दुसरा दरवाजा आहे आणि तो उपचार करणाऱ्यांनीच उघडलेला असतो.

नळीचे प्रकार

ज्यास लोक सलाईनची सुई म्हणतात ती वास्तविक सुई नव्हे. सुई शीर टोचण्यापुरती वापरून काढून घेतली जाते आणि प्लॅस्टिकची आखूड मऊ नळी आत राहते. वॉर्डात तिला ‘इंट्राकॅथ’ म्हणण्याचा प्रघात आहे. सिकलसेलच्या बहुतेक रुग्णांना हीच लागते.

दुसरी लांब नळी मानेतील, गळपट्टीच्या हाडाखालील किंवा जांघेतील मोठ्या शिरेतून हृदयाच्या जवळपर्यंत नेतात. हे शक्य आहे हे प्रथम जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवून सिद्ध केले. त्या वेळी त्याच्या वाट्यास टीकाच आली आणि १९५६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सिकलसेलमध्ये अशा नळीची गरज कित्येक प्रसंगी पडते. लहानपणापासून शेकडो वेळा टोचून हाताच्या शिरा कठीण झालेल्या असतात. छातीत गुंतागुंत होऊन श्वास अडू लागल्यास किंवा मेंदूचा झटका आल्यास रुग्णाचे रक्त काढून निरोगी रक्त भरावे लागते. त्यास आखूड नळी पुरत नाही. काही मुलांना मेंदूचा झटका टाळण्यासाठी दर महिन्यास रक्त द्यावे लागते. मोठ्या शहरांत अशा मुलांच्या छातीवर त्वचेखाली एक लहान डबी बसवून तिला नळी जोडतात.

या आजारात पुढे मूत्रपिंडही झिजते. काही प्रौढ रुग्णांना डायलिसिस घ्यावे लागते, आणि हातातील शिर-रोहिणीची जोडणी तयार होईपर्यंत मानेत नळी घेऊन रुग्ण गावी परततो. जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची सोय झाल्यापासून असे रुग्ण गावात दिसू लागले आहेत. तेव्हा मोठ्या शिरेतील नळी ही केवळ शहरातील अतिदक्षता विभागाची बाब राहिलेली नाही.

जंतू कोठून शिरतात

नळी त्वचेस भोक पाडून आत जाते. त्वचेवरील जंतू त्या भोकातून नळीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरतात. दुसरा मार्ग नळीच्या तोंडाचा. औषध देण्यासाठी दिवसातून अनेकदा टोपण उघडले जाते. प्रत्येक वेळी हात स्वच्छ नसेल तर जंतू आतील अंगाने शिरतात. तिसरा मार्ग प्रत्यक्ष द्रवाचा, म्हणजे दूषित सलाईन किंवा औषधाचा. आत पोचल्यावर हे जंतू प्लॅस्टिकच्या पृष्ठभागास चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर निर्माण करतात, जसा पाण्याच्या रांजणाच्या तळाशी शेवाळी थर धरतो तसा. या थराखाली प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. त्यामुळे पुष्कळदा औषध चालू असेपर्यंत ताप उतरतो आणि ते थांबताच पुन्हा चढतो. नळी काढल्याखेरीज सुटका होत नाही.

हे कोणत्याही रुग्णास घडू शकते. सिकलसेलच्या रुग्णात मात्र काही गोष्टी त्यात भर घालतात. प्लीहेचा उल्लेख वर आलाच आहे. या रुग्णांचे रक्त गोठण्याकडे झुकलेले असते, त्यामुळे नळीच्या टोकाशी गुठळी धरण्याचा संभव अधिक. आणि गुठळी म्हणजे जंतूंस आयते बिऱ्हाड. क्रायसिसमध्ये हाडांचा काही भाग रक्ताअभावी मृत होतो. रक्तातून फिरणारा जंतू अशा जागी रुजतो आणि हाडात पू होतो. हातावरील एका लाल ठिपक्यापासून निघालेला संसर्ग मांडीच्या हाडापर्यंत जाऊन मुलास कायमचा लंगडा करू शकतो. शिवाय ताप आला, की शरीरातील पाणी घटते, पेशी अधिक वाकतात आणि नवा क्रायसिस सुरू होतो. संसर्ग क्रायसिसला जन्म देतो, क्रायसिससाठी पुन्हा नळी लागते आणि नळी पुन्हा संसर्गास वाट देते.

पाचव्या दिवसाचा ताप

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. आश्रमशाळेतील दहा वर्षांचा विद्यार्थी पाय व कंबर दुखत असल्याने ग्रामीण रुग्णालयात दाखल होतो. मनगटावर इंट्राकॅथ लावून सलाईन व वेदनाशामक औषध दिले जाते. तिसऱ्या दिवशी तो उठून बसतो, भाकरी खातो, पाणी पितो. सलाईन बंद होते. पण नळी तशीच राहते. पुन्हा लागली तर मुलास परत टोचावे लागेल, शीर मिळणार नाही, असू द्या, असे सगळ्यांनाच वाटते. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. उलट कणवच असते. पाचव्या दिवशी चिकटपट्टीखाली दुखू लागते, मनगट थोडे लाल व गरम लागते. त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि सांधे पुन्हा दुखू लागतात.

आता कक्षात असे म्हटले जाण्याचा फार संभव आहे, की क्रायसिस उलटला. सिकलसेलच्या रुग्णास ताप आणि वेदना क्रायसिसमध्येही असतात. त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, त्यामुळे रक्ताच्या साध्या तपासणीवरून संसर्ग ओळखू येत नाही. सलाईन पुन्हा सुरू होते, आणि तेही त्याच नळीतून. जो मार्ग प्रथम बंद करावयास हवा होता त्याच मार्गाने जंतू आत ढकलले जातात. या रुग्णांत रक्तातील जंतुदोष काही तासांत रक्तदाब ढासळण्यापर्यंत जाऊ शकतो. सकाळच्या फेरीपर्यंत थांबण्यास वेळ नसतो.

या ठिकाणी करावयाचे ते अवघड नाही. नळी लावलेल्या सिकलसेल रुग्णास ताप आला, की चिकटपट्टी सोडून नळीची जागा पाहावी. आखूड नळी असल्यास ती ताबडतोब काढावी व दुसऱ्या हातास नवी लावावी. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी रक्त जंतुवाढीच्या तपासणीसाठी घ्यावे, मात्र त्यासाठी डोस अडवून धरू नये. तपासणीची सोय नसल्यास डोस देऊन रुग्ण वरच्या रुग्णालयात पाठवावा. मोठ्या शिरेतील नळी असेल तर रक्त नळीतून आणि दुसऱ्या शिरेतून असे दोन ठिकाणांहून घेतात. ती नळी काढावी की ठेवावी याचा निर्णय तज्ज्ञांचा. नळीतून औषध किंवा सलाईन सुरू केल्यानंतर थोड्याच वेळात हुडहुडी भरणे ही खूण तर नातेवाइकांसही शिकवून ठेवण्यासारखी आहे.

प्रतिबंध कसा साधतो

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नवे यंत्र नव्हते, नवे औषधही नव्हते. हात धुणे, मोठ्या शिरेत नळी घालताना टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व हातमोजे वापरून रुग्णास पूर्ण चादरीने झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, एवढ्या पाच गोष्टी दर वेळी, न चुकता करावयाच्या होत्या. यादीतील एखादी गोष्ट सुटली तर परिचारिकेने डॉक्टरास थांबवावे, असा तिला अधिकार देण्यात आला. दीड वर्षाच्या अवधीत नळीमुळे होणारे रक्तातील संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. या पाच गोष्टी तेथील डॉक्टरांना पूर्वीही ठाऊक होत्याच. बदलले ते एवढेच, की त्या पाळल्या जातात किंवा नाही हे पाहणारे कोणी तरी उभे राहिले आणि त्याचे ऐकले जाऊ लागले. आपल्याकडे परिचारिकेने डॉक्टरास थांबविणे सोपे नाही, हे मान्य करूनही या अनुभवाचे मोल कमी होत नाही.

ग्रामीण रुग्णालयात आखूड नळीसाठी झगा व चादर लागत नाही. तेथे दोष निराळ्या ठिकाणी असतो, आणि तो पाहण्यासाठी वैद्यकीय पदवीची जरुरी नाही. स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यांचे एक भांडे दिवसभर उघडे असते व प्रत्येक जण त्यात बोटे घालतो. अशा भांड्यातील बोळे वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. नळी चोंदू नये म्हणून तिच्यात थोडे सलाईन सोडतात. त्यासाठी एकच बाटली टांगून, तिच्या बुचात सुई खोचून ठेवून, सर्व रुग्णांसाठी तिच्यातून सलाईन ओढले जाते. एकदा ती दूषित झाली, की साऱ्या कक्षात संसर्ग पोचविण्यास तेवढी पुरे. त्वचेवर स्पिरिट लावल्यावर ते वाळण्याची वाट न पाहता टोचणे, पुसलेली जागा पुन्हा बोटाने चाचपणे, तोंडाचे टोपण खिशात किंवा खाटेवर ठेवणे, ओली झालेली चिकटपट्टी तशीच राहू देणे, या चुका घाईगर्दीतून होतात. नळीचे तोंड उघडण्यापूर्वी ते स्पिरिटच्या ताज्या बोळ्याने दहा-पंधरा सेकंद चोळून पुसण्यास कितीसा वेळ लागतो?

रुग्णवाहिकेत किंवा धावपळीत लावलेली नळी स्वच्छतेचे नियम पाळून लावली गेली असण्याची खात्री नसते. ती लवकरात लवकर, निदान ४८ तासांच्या आत बदलावी, असा संकेत आहे. म्हणून नळी कोणत्या दिवशी, किती वाजता व कोठे लावली हे चिकटपट्टीवरच लिहिण्याची सवय असावी. आखूड नळी तीन-चार दिवसांनी बदलावी असा जुना प्रघात आहे. अलीकडे ठरावीक दिवसांपेक्षा रोजच्या पाहणीवर भर देतात. जागा लाल, गरम, कडक किंवा दुखरी झाली, की त्या क्षणी नळी काढावी, मग ती लावून दोनच दिवस झालेले असोत. पायाच्या शिरा सिकलसेलमध्ये शक्यतो टाळाव्यात. तेथे गुठळी होण्याचा धोका अधिक असतो.

लघवीच्या नळीचा धोकाही याच जातीचा आहे. अंथरुणास खिळलेला रुग्ण किंवा शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली सिकलसेलची माता यांना ती घालावी लागते. ती आत राहील त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. या आजारात मूत्रपिंड आधीच दुबळे असल्याने संसर्ग वर चढण्यास वेळ लागत नाही. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, पण जमिनीवर टेकू देऊ नये. आणि केवळ उठण्याचा त्रास वाचतो म्हणून नळी ठेवू नये.

सलाईनची हौस

सर्वांत सुरक्षित नळी म्हणजे जी लावलीच नाही ती. ग्रामीण भागात सलाईन लावले म्हणजे खरा उपचार झाला, अशी समजूत दृढ आहे. अशक्तपणा वाटला, की दोन बाटल्या चढवून घेण्याची मागणी होते, आणि ती पुरविणारेही भेटतात. निरोगी माणसास याचा भुर्दंड पैशापुरताच पडतो. सिकलसेलच्या रुग्णास तो जिवानिशी पडू शकतो.

या रुग्णास पाण्याची गरज इतरांपेक्षा अधिक असते यात शंका नाही. त्याचे मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, त्यामुळे पाणी सतत बाहेर जाते. पण जो पिऊ शकतो त्यास पाणी तोंडावाटेच द्यावे. १९७१ मध्ये बांगला देशातून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली असता बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईनच्या तुटवड्यात मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो रुग्ण जगविले. पटकीसारख्या रोगात जे पोटातून शोषले गेले ते साध्या क्रायसिसमध्ये शोषले जाणार नाही, असे मानण्यास कारण नाही. उलटी होत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा वेदनेमुळे पाणी घोटवत नसेल तर सलाईन लावावेच लागते, आणि अशा वेळी संसर्गाच्या भीतीने ते नाकारणेही चूकच ठरेल. अति सलाईनने छातीत पाणी साचण्याचा निराळा धोका आहे, तो डॉक्टर जाणतात.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास क्रायसिसचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटते, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ते संसर्गाचे औषध नव्हे. पण एक क्रायसिस टळला, की एक नळी टळते. या कॅप्सूल उपकेंद्रापर्यंत खंड न पडता पोचतात की नाही, हा प्रश्न त्यामुळे कक्षातील स्वच्छतेशी थेट निगडित आहे.

शाळा, पंचायत व अधिकारी

आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांजवळ सिकलसेलच्या विद्यार्थ्यांची यादी व एक तापमापक असणे आवश्यक आहे. १०१ अंश फॅरनहाइट ताप ही या मुलांच्या बाबतीत रुग्णालयात नेण्याची खूण समजावी. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नये. नुकताच रुग्णालयातून परतलेला मुलगा असेल तर त्याचे मनगट व कोपराची घडी पाहावी. नळी काढल्यानंतरही एक-दोन दिवसांनी जागा सुजू शकते. वर्गात पाणी पिण्यास आणि लघवीस जाण्यास या मुलांना मज्जाव नसावा, हे निराळे सांगावयास नको. तरीही ते अनेक शाळांत सांगावे लागते.

मानेत किंवा छातीत नळी घेऊन गावी आलेल्या रुग्णाकडे आशा स्वयंसेविकेने पहिल्या आठवड्यातच जावे. पट्टी कोरडी आहे का, ती ठरलेल्या दिवशी रुग्णालयातच बदलली जाते का, हे विचारावे. अंघोळीत त्या जागेवर पाणी पडू देऊ नये. नदी-तलावात उतरणे वर्ज्य. हळद, राख किंवा पाल्याचा लेप तेथे लावू नये. ही नळी डायलिसिससाठीच राखलेली असते. गावातील कोणीही तिच्यातून इंजेक्शन देऊ नये. अशा रुग्णाने थोड्या तापातही थांबू नये.

एस. टी. च्या प्रवास सवलतीत सिकलसेल रुग्णांचा समावेश आहे, पण रात्री अकरा वाजता ताप भरलेल्या मुलास बसचा उपयोग नसतो. पावसाळ्यात नाल्यास पूर आला, की १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकते, तेथपर्यंत रुग्णास कोणाच्या वाहनाने न्यावयाचे, हे ग्राम आरोग्य समितीने आधीच ठरवून त्या घरी सांगून ठेवावे. गावात असे रुग्ण मोजकेच असतात. त्यांची घरे सरपंचास ठाऊक असतात.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत इमारतीची रंगरंगोटी, पंखे व कुंपण यांची चर्चा होते. तेथे लोकप्रतिनिधींनी काही साधे प्रश्न विचारावेत. कक्षातील हात धुण्याच्या नळास उन्हाळ्यात पाणी असते काय? साबण व हात चोळण्याचे जंतुनाशक द्रव गेल्या तीन महिन्यांत किती दिवस संपलेले होते? नळी धुण्यासाठी लहान कुप्या मिळतात, की एकच बाटली टांगली जाते? पारदर्शक चिकटपट्टी, जिच्यातून जागा न उघडता दिसते, ती मागणीपत्रकात आहे काय? रात्रपाळीस किती रुग्णांमागे एक परिचारिका असते? चाळीस खाटांमागे एकच परिचारिका असेल तर टोपण पंधरा सेकंद चोळण्याचा उपदेश तिला करण्यात अर्थ नाही, आणि ही गोष्ट बैठकीच्या इतिवृत्तात नोंदली जावी.

सुटीच्या कार्डावर सिकलसेल रुग्णांच्या बाबतीत दोन ओळी अधिक लिहिण्याची प्रथा काही ठिकाणी पाडता येईल. शिरेत नळी कोणत्या तारखेस लावली व कोणत्या तारखेस काढली ही एक ओळ. आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास हे कार्ड दाखवून ताबडतोब दाखल व्हावे, ही दुसरी. दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरासमोर, मध्यरात्री ते कार्ड उघडले जाईल तेव्हा त्या दोन तारखांवरून त्यास कळेल, की हा ताप केवळ क्रायसिसचा नसू शकतो.